चार नंबरची बाटली

"चार नंबर साफ!" लॅबच्या मॅडम कागद हलवत म्हणाल्या. "बाटलीमामा, तुमच्या ताईंचा भाग ना? चहा पाजा आता!"

दोन दिवस कंबर धरून घरी पडलेले मामा आजच कामावर आले होते. ते हसले खरे, पण मॅडमच्या हातातल्या कागदाकडे बघायचं टाळून.

सहा वर्षं हा माणूस शहराच्या गटारांची झाकणं उघडून, दोरीची बादली आत सोडून, बाटल्या भरून लॅबमध्ये आणत होता. माणूस डॉक्टरकडे जायच्या आधी त्याचं दुखणं गटारात उतरतं, हे त्यांना पाठ झालं होतं. लहान मुलांना धरणारा हा नवा ताप कुठे पसरतोय, ते आधी बाटलीला कळायचं, मग आयांना. आणि सोमवारी मामांनी काय केलं? चार नंबरच्या झाकणावर रस्तावाल्यांनी डांबर ओतून ठेवलेलं. दोनदा पहार लावली आणि कंबरेत अशी उसण भरली की डोळ्यांपुढे काजवे चमकले. "मरू दे, पाणी इथून तिथून सारखंच!" असं म्हणत त्यांनी तीन नंबरच्याच पाण्याने दोन बाटल्या भरल्या आणि एकीवर खुशाल चार लिहिलं.

तेवढ्यात फोन वाजला. ताई. चार नंबरच्या गल्लीत तिचं पाळणाघर होतं, या तापापायी तीन आठवडे बंद.

"अरे, काल साफ भागांची यादी लागली आणि आज अकरा पोरं हजर! घर नुसतं डोक्यावर घेतलंय!"

"ताई, एखादा दिवस थांबली असतीस..."

"भित्रा तो भित्राच राहिलास! अरे, तू भरलेली बाटली ना? मग मला कसली काळजी?"

"ठेवतो," म्हणत मामांनी फोन बंद केला. स्वतःची इतकी शरम त्यांना जन्मात वाटली नव्हती. पण अकरा पोरांपुढे शरमेचं काय घेऊन बसायचं?

"मॅडम, ती बाटली चारची नाही. तीनचीच आहे. झाकण निघेना."

मॅडमचा चेहरा उतरला. "असं किती वेळा केलंत?"

"देवाशप्पथ, एकदाच."

"एकदा पुरतं, मामा." त्यांनी यादी बदलायला फोन उचलला. "नवी बाटली दुसरं कुणी आणेल. तुम्ही बहिणीकडे जा. फोनवर नको, समोर जाऊन सांगा."

कंबरेतली कळ विसरून मामा जवळजवळ धावतच गेले. ताईने दार उघडलं. तिच्या खांद्यावर एक पोर झोपलं होतं, आत बाकीच्यांचा धुडगूस चालला होता. मामांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. झाकण, डांबर, दोन बाटल्या.

"तू असं केलंस?" ताई हळूच म्हणाली. "मी आयांना काय सांगितलं ठाऊक आहे? माझा भाऊच तपासतो म्हटलं."

मग तिने खांद्यावरच्या पोराच्या कपाळाला गाल लावला. एकदा लावला, पुन्हा लावला.

"हा सकाळपासून नुसता झोपतोय," ती म्हणाली.

"गरम लागतोय का? बघू, दे माझ्याकडे." मामांनी हात पुढे केले.

ताई दोन पावलं मागे सरकली.