म्हाताऱ्या कावळ्याचा आवाज

पाच वाजायला दहा मिनिटं होती आणि टीव्ही मूग गिळून बसला होता. चित्र झकास, आवाज नाही. शिंपीणबाईंचा जीव नुसता खालीवर होत होता. पाचला कार्टून लागणार होतं आणि त्यातल्या म्हाताऱ्या कावळ्याला आवाज दिला होता त्यांच्या लेकीने. नुसतं चित्र बघून करायचं काय? त्यांची पोर होती ती आवाजातच.

शिवाय हे ऐकवायचं होतं यजमानांना. लेकीने बँकेतली नोकरी सोडली तेव्हा, पडद्यावर दिसत नाही, नाव येत नाही, हे कसलं काम, असं म्हणून त्यांनी तिच्याशी बोलणंच टाकलं होतं. चार महिने झाले. आज मात्र स्वारी साडेचारपासून खुर्ची ओढून बसली होती, आणि नेमका आजच हा जुना डबा दगा देत होता.

यजमानांनी रिमोटचे सेल बदलले, म्यूटचं बटण दाबून पाहिलं, आवाज पार टोकाला नेला, मागच्या वायरी काढून पुन्हा खोचल्या. शेवटी वरून दोन थापट्याही दिल्या. मग खापर फोडलं ते बाईंच्या शिलाई मशीनवर. तिच्या खडखडाटापायी आपल्याला हेडफोन लावून बातम्या ऐकाव्या लागतात, हेही ऐकवून झालं.

हेडफोन म्हणताच बाई थबकल्या. काल बेल वाजली तेव्हा हे महाशय हेडफोन कानावर तसाच ठेवून दाराकडे धावले होते. बाईंनी पिन उचलून पाहिली, तर टोक गायब. ते टीव्हीच्या भोकातच मोडून बसलं होतं, आणि हेडफोन अजून लावलेलाच आहे असं समजून टीव्हीने स्पीकर बंद ठेवला होता. काखेत कळसा नि गावाला वळसा.

टीव्ही बंद करून बाईंनी दाभणाच्या बोथट टोकाला मणी चिकटवायच्या गोंदाचा एकच थेंब लावला. कडेला लागला तर खेळ खलास. यजमान न सांगता बॅटरी धरून उभे राहिले. दाभण आत गेलं. गोंद सुकेपर्यंत मिनिटभर बाईंनी ते तसंच धरून ठेवलं. मग बाईंनी ते अलगद ओढलं, आणि तुटकं टोक दाभणाला चिकटून बाहेर आलं.

पाच वाजून गेले होते. घाईघाईने टीव्ही लावला.

"ऐकतंय का कुणी माझं, या झाडावर?" कावळा असा गरजला की खिडकीची काच हादरली. आवाज टोकाला होता ना!

मग कावळा खाकरला, दोनदा, आणि शेवटचा शब्द लांबवत पुन्हा वैतागला. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. हुबेहूब तेच खाकरणं, तोच वैताग. पोरीने बापालाच झाडावर बसवलं होतं. त्यांना हसू आवरेना आणि डोळेही भरून आले. यजमान मात्र आवाज कमी करायचंही विसरून ऐकत होते.

कार्यक्रम संपला तोच लेकीचा फोन आला. बाई पोचायच्या आत यजमानांनी तो उचलला. आधी दोनदा खाकरले.

"तुझा कावळा जरा जास्तच खाकरतो," ते म्हणाले.

पलीकडे लेक इतकी हसली की बाईंना दुरून ऐकू आलं. त्यांनी फोनसाठी हात पुढे केला, पण तो त्यांच्या हाती काही आला नाही.