बदलीवाला

विजयाने दवाखान्यातून आलेला नमुना दुसऱ्यांदा लावून पाहिला. आकडा तोच आला. मूत्रपिंड नीट चाललं, की रक्तातला क्रिएटिनिन नावाचा कचरा लघवीवाटे निघून जातो. सुकदेवच्या रक्तात तो नेहमीच्या सहापट साठला होता. दहा महिन्यांपूर्वी याच माणसाचं रक्त निर्मळ होतं. तेव्हाचा नमुना तिनेच घेतला होता, तिनेच तपासला होता.

सिल्वासाच्या एसटीडी बूथवरून तिने मुंबईला फोन लावला. ही पाहणी अरविंद सरांची होती: प्लास्टिकचे पाइप करणाऱ्या कारखान्यात शिशाची पावडर मिसळणाऱ्या कामगारांची मूत्रपिंडं कितपत शाबूत आहेत.

"दहा महिन्यांत एवढी घसरण?" सरांचा आवाज चढला. "हे छापण्यासारखं आहे, विजयाबाई. आधीचा आकडा पक्का ना?"

"मी स्वतः केलाय, सर."

"मग झालं तर."

पण तिचं समाधान होईना. शिसं मूत्रपिंडात भिंतीतल्या ओलीसारखं चढतं, वर्षानुवर्षं. मध्येच काही विपरीत झालं असणार. कुणा वैदूचं भस्म बिस्म खाल्लं असेल, या संशयाने ती रिक्षा करून नरोलीला निघाली.

पत्र्याच्या खोल्यांची लांब रांग. शेवटच्या खोलीत सुकदेव खाटेवर पडला होता. चेहरा सुजून डोळे बारीक झालेले. तिने तोंड उघडायला लावलं, तर हिरड्यांच्या कडेला निळसर काळी रेघ. शिशाची खूण.

हा चेहरा आपण आधी पाहिलाय का, हे तिला आठवेना. सूज आली की माणूस ओळखू येत नाही, असं तिने स्वतःला समजावलं.

"काही जडीबुटी घेतली होती?" तिने त्याच्या बायकोला, मंजुळाबाईला विचारलं.

"नाही हो ताई. जडीबुटीले पैसा लागतो." मंजुळाबाईने चहाचं आधण ठेवलं. "डॉक्टर म्हणे, मशीनवर रक्त धुवा. धुवायची मशीन मुंबईले."

"हे सुरू कधी झालं?"

"दोन वर्षं तर झालीच. ओकाऱ्या, पोटात कळ. महिन्यातून चार-चार दिवस घरी."

"मागच्या वेळी मी रक्त घेतलं, तेव्हा तर ठणठणीत होते."

मंजुळाबाई तिच्याकडे पाहतच राहिली. "तेव्हा? तेव्हा हे इथेच पडेल होते. मी घमेलं धरून बसेल होती."

"अहो, माझ्यासमोर बसले होते. मी नाव पुकारलं, ते हो म्हणाले."

"तो मी होतो, ताई." दारातून आवाज आला. पहिली पाळी सुटली होती. सुकदेवचा धाकटा भाऊ नवनाथ उंबऱ्यावर उभा राहून अंगावरची पावडर झटकत होता. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. "तुम्ही म्हणाल्या नाही का, नस चांगली आहे तुझी म्हणून?"

म्हणाली होती. तिला ती नसही आठवली.

"पण नाव सुकदेवचं..."

"कारखान्याच्या गेटचा पास दादाचा, तर नाव दादाचंच लागेल ना. पासवर फोटो थोडीच असतो. एक माणूस पडला, की दुसरा त्याच्या नावावर उभा राहतो. मुकादमले माणूस मोजून पाहिजे, चेहरा नको. बदली म्हणतात तिले."

"आणि लघवीचा कॅन? तो घरी भरायला दिला होता."

"तो बी मीच भरला. बदली काय अर्धी करायची?" नवनाथ हसला. मंजुळाबाईही पदरात हसली.

विजयाला हसू आलं नाही. त्या दिवशी तिनेच कारखान्याच्या पावडर खात्यात उभं राहून सांगितलं होतं: ज्याचे आकडे बिघडलेले निघतील, त्याला पावडरीपासून हलवू, औषध देऊ. सुकदेवचे आकडे चांगले निघाले. म्हणून तो तिथेच राहिला.

"मला सांगायचं तरी," ती हळूच म्हणाली.

खाटेवरून सुकदेव पहिल्यांदा बोलला. श्वास जड होता. "काय सांगायचं, ताई? आम्हाले वाटलं, एका मायच्या पोटातले आम्ही. रक्त एकच. त्याचं घेतलं काय, माझं घेतलं काय."

चहा आला. तिने कप हातात धरून ठेवला.

"त्या दिवशी अजून कोण कोण बदलीवर होतं?" तिने नवनाथला विचारलं.

"निम्मं खातं. आजारी माणूस कामावर येतो का, ताई?"

म्हणजे निरोगी म्हणून लिहिलेली कितीतरी नावं अशाच पत्र्याखाली पडून असणार. सरांना छापायची होती ती घसरण मुळात झालीच नव्हती. आकडे बरोबर होते. माणसं दोन होती.

"एक विचारू?" नवनाथ जमिनीवर टेकला. "माणसाले ही मूत्रपिंडं दोन असतात म्हणे. एकावर बी चालतं. माझं एक दादाले लावा. मी बिडी पीत नाही, दारू नाही. तुमच्याच मशीननं मले पास केलंय."

"वहिनीले साक्षी ठेव," सुकदेव पुटपुटला. "उद्या म्हणशील, परत दे."

"परत कशाले? बदलीच समज." नवनाथ तोंडभर हसला.

दारातून येणारा उजेड त्याच्या दातांवर पडला. विजया पुढे वाकली.

"परत हस बरं."

तो लाजून हसला. हिरड्यांच्या कडेला रेघ होती. भावाच्या रेघेपेक्षा बारीक, पण होती.

"पावडर खात्यात रोज तूच जातोस का?"

"दादा खाटेले लागला तेव्हापासून रोज. पास चालू ठेवाले पाहिजे ना."

त्याच्यात शिसं किती चढलंय ते पाहायला तिने पिशवीतून सुई काढली. नवनाथच्या दंडाला रबर बांधलं. नस लगेच वर आली, मागच्यासारखीच. बाटलीवर चिठ्ठी डकवून तिने नाव विचारलं.

"नवनाथ," मंजुळाबाईनेच सांगितलं, सावकाश, नीट ऐकू जाईल असं. मग पुढे सरकून तिने विचारलं, "जुळंल ना, ताई? भावाभावाचं जुळतं म्हणे."

बाटलीत रक्त भरत होतं.

"जुळेल," विजया म्हणाली, आणि कापूस त्याच्या कोपरावर दाबून धरला.