आईच्या हातांसाठी कॅमेरा

आई आणि दादाला घेऊन तिसऱ्या दुकानात शिरेपर्यंत माझा जीव मेटाकुटीला आला होता. इथल्याही विक्रेत्याने तोंडाचा पट्टा सुरू केला. "मॅडम, याचा माइक बघा. टाचणी पडली तरी ऐकू येईल."

"आम्हाला आवाज नकोय," मी म्हणाले. त्याला वाटलं, मी रागावलेय. रागावलेच होते म्हणा. दिवसभर हेच सांगून तोंड दुखायला लागलं होतं.

आमच्या आईला जन्मापासून ऐकू येत नाही. ती हातांनी बोलते, आणि ती भाषा कुठल्या शाळेतली नाही, तिची स्वतःची आहे. हनुवटीवर चिमूट म्हणजे मी, कपाळावर मूठ म्हणजे हट्टी दादा. बाबा गेल्यापासून ती भाषा फक्त आम्हा दोघांना कळते. आता तिचे हात थरथरायला लागलेत आणि डॉक्टर म्हणाले, हे वाढतच जाणार. तिचं बोलणं बंद पडायच्या आत आम्हाला ते साठवून ठेवायचं होतं.

दादाने कुठेतरी वाचलं होतं की नव्या कॅमेऱ्यांत थरथर घालवायची सोय असते. तेवढ्यासाठी तो दुकानं पालथी घालत होता.

"साहेब, ती कॅमेरा धरणाऱ्याच्या हाताची थरथर," विक्रेता अवघडून म्हणाला. "समोरच्याची कशी जाईल?"

एवढा मोठा बाप्या, पण दादाचं तोंड एवढंसं झालं. मला त्याची कीव आली, आणि असला वेडा भरवसा ठेवला म्हणून चीडही आली.

"झूम मरो आणि माइक मरो," मी म्हणाले. "घरातल्या दिव्यात बोटं सुटी सुटी दिसतील असा दाखवा."

त्याने कोपऱ्यातले दिवे कमी केले आणि आईला स्टुलावर बसवलं. पहिल्या कॅमेऱ्यात तिच्या बोटांचा नुसता लगदा झाला. दुसऱ्यात एकेक बोट स्वच्छ दिसलं, आणि थरथरही.

"हा नको," दादा म्हणाला. "यात फारच दिसतंय."

आईने त्याचे ओठ वाचले. कपाळाला मूठ लावून ती भराभर काहीतरी म्हणाली. दादाने माझ्याकडे पाहिलं, मी दादाकडे. दोघांनाही कळलं नव्हतं. असं याआधी कधी झालं नव्हतं. परत सांग म्हणायची आम्हाला लाज वाटली.

"रेकॉर्डिंग चालूच आहे," विक्रेता म्हणाला. "हळू करून दाखवू?"

छोट्या पडद्यावर आईचा हात सावकाश वर आला. थरथरीतून एकेक खूण वेगळी होत गेली. आम्ही दोघं डोकं लावून वाचत राहिलो.

'माझे पाय दुखले. कुठलाही घ्या, पण आता घरी चला.'

दादा हसायला लागला आणि हसता हसता त्याने डोळे पुसले. "हाच द्या," तो म्हणाला. आई तोवर दारापर्यंत पोचलीही होती.