जॉक पार्टनचा लोखंडी बूट

आमच्या स्कॉटिश बंदरावर जॉक पार्टन हा गाण्यातला बागुलबुवा कुणाला ठाऊक नाही? समुद्रातून येतो, दोरीवर वाळत घातलेला एकच मोजा पळवतो आणि जातो. डावात राज्य कुणावर हे ठरवताना आम्ही पोरी त्याचंच गाणं म्हणायचो. आता तो चिप्सच्या दुकानाच्या पाटीवर आहे, शाळेच्या भिंतीवर आहे, माझ्या नातीच्या फोनमधल्या खेळातही आहे. सगळीकडे लंगडतो. तो लंगडा कधी झाला हे मला पक्कं माहीत.

मी तेव्हा नऊ वर्षांची. एडिंबराहून एक गृहस्थ टेपरेकॉर्डर घेऊन आले, जुनी गाणी गोळा करायला. शाळेत आम्हाला जॉकचं गाणं म्हणायला लावलं आणि विचारलं, "एकच मोजा का गं नेतो तो?"

आता मला काय माहीत. पण माझ्या जिभेला हाड नव्हतंच. म्हटलं, "डाव्या पायात लोखंडी बूट आहे ना त्याच्या, टक टक टक." वर चालीत म्हणूनही दाखवलं. पोरी खो खो हसल्या. गृहस्थांनी ते कडवं शेकडो वर्षं जुनं समजून जपून नेलं. पुढे ते छापून आलं, आणि जॉक जन्माचा लंगडा झाला.

लोखंडी बूट गावात एकाचाच होता. एबनचा, माझ्याच बाकावर बसायचा तो. लहानपणी पोलिओ झालेला. तो त्या वेळी वर्गाच्या दारात ऐकत उभा होता की नव्हता, या एका प्रश्नाने मला छप्पन्न वर्षं छळलंय. विचारायचं धाडस झालं नाही. त्याच्या पायाकडे तर मी त्यानंतर बघितलंच नाही, लाज वाटायची.

यंदा गावच्या समितीने धक्क्यावर जॉकचा कांस्याचा पुतळा उभारायचा ठरवला. तोही नेमका एबनच्या खिडकीसमोर. मूर्तिकार शिओना मला विचारायला आली, "नेटाआजी, बूट कुठल्या पायात?"

"डाव्या," म्हटलं. ती गेल्यावर मात्र मनात आलं, म्हातारपणी रोज सकाळी एबनने खिडकीचा पडदा सरकवायचा आणि समोर काय, तर मी केलेली थट्टा. उद्घाटनाआधी सांगून टाकायचंच, असं ठरवून लोणी लावलेले स्कोन, म्हणजे आमचे घरचे गोडसर पाव, घेतले आणि त्याच्या शेडमध्ये गेले.

तो जाळं विणत बसला होता. "काय नेटा, आज सूर्य कुठून उगवला?"

"जास्त झाले होते, म्हणून आणले."

"तुझ्याकडे जास्त? तुझा हात तर भलता आखडता."

अर्धा तास आम्ही मॅकरल मासळीच्या भावावर आणि पाद्रीबाईंच्या नव्या कुत्र्यावर बोललो. खरं ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. रिकामी थाळी घेऊन परत आले, स्वतःलाच शिव्या देत.

शनिवारी उद्घाटनाला पुतळ्यावरचा पडदा ओढला. पोरं ओरडली, बँड वाजला. मी पुतळ्याच्या पायाकडे पाहिलं आणि चक्रावले. बूट उजव्या पायात होता. जाड तळ, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, वर तीन बकलं. असा बूट कल्पनेतून निघत नाही.

शिओनाला गाठलं. "अगं, मी डावा सांगितला होता."

"एबनआजोबांनी त्यांचा लहानपणचा बूट आणून दिला ना. म्हणाले, करायचा तर बरोबर कर."

एबन बोटी बांधायच्या लोखंडी खुंटाला टेकून उभा होता. मी सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले. "तू होतास त्या दिवशी दारात?"

"होतो की."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीस?"

"तू बोलतेस का, बघत होतो. परवा स्कोन आणलेस, वाटलं आज बोलशील."

"चुकले रे मी, एबन."

"ते झालं गं. पोरीच होतात तुम्ही." त्याने टोपी काढून डोकं खाजवलं. "मला राग वेगळ्याच गोष्टीचा आला होता. पाच वर्षं आपण एका बाकावर. बाकाखाली माझा बूट तुझ्या पायाला घासायचा. तरी तुला डावा वाटला."

 मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग मान खाली घातली आणि त्याच्या उजव्या पायाकडे नीट पाहिलं. बुटाची नाडी सुटली होती. खाली बसून मी ती बांधली.