वळणावरची मदत

"बघ, बघ! कठड्याला साधी घासलीसुद्धा नाही!" उस्तादांनी टीव्हीवरची लाल गाडी शेवटच्या वळणातून काढली आणि मांडीवर थाप मारली. "आला की नाही तुझा बाप पहिला?"

लेक हसली, पण ते हसू काही जमलं नाही.

डेपोत सगळे त्यांना उस्तादच म्हणत. उभा जन्म बस चालवण्यात गेला. मग उजव्या हाताला कंप सुटला, आणि साहेबांनी गोड बोलून त्यांना पासांच्या खिडकीत बसवलं. घरी माणूस मुका झाला. ते बघवेना म्हणून लेकीनेच आपला व्हिडिओ गेम त्यांच्यापुढे ठेवला. सुरुवातीला गाडी सारखी दरीत जायची आणि उस्ताद गेम बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. हल्ली मात्र जिंकतच सुटले होते.

"उद्या तपासणीला जातोय," ते म्हणाले. "पास झालो की पुन्हा गाडीवर."

लेक त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली. "कसली तपासणी? हात कापतो ना बाबा अजून!"

"सकाळची गोळी घेतली की तासभर गप्प बसतो. आणि डॉक्टर आपला जुना, डोळे बघतो नि सही करतो." त्यांनी टीव्हीकडे बोट केलं. "शिवाय हे काय खोटं आहे? हात बरा झाल्याशिवाय का जिंकतोय?"

आतून आई म्हणाली, "जाऊ दे गं. किती दिवसांनी खुलले आहेत."

लेकीला रडू आलं. बापाचा हा आनंद तिनेच तर घडवला होता, आणि आता तिनेच मोडायचा होता. पण त्यांच्यामागे भरलेली बस तिला दिसत होती.

"बाबा, मी सेटिंग बदललंय," ती म्हणाली. "ज्यांचे हात चालत नाहीत त्यांच्यासाठी असतं ते. वळण आलं की गाडी आपोआप वळते, ब्रेकही तीच लावते. तुम्ही सारखे हरायचात, मला बघवेना. म्हणून न सांगता केलं."

उस्ताद सोफ्याच्या कडेला सरकले.

"बंद कर ते."

"बाबा, नको ना."

"बंद कर म्हटलं ना!"

तिने बंद केलं. उस्ताद सरसावून बसले, ओठ घट्ट मिटले. पहिलं वळण आलं, अंगठा थरथरला आणि गाडी कठडा तोडून खाली गेली. त्यांनी पुन्हा सुरू केली, ती पुन्हा गेली. तिसऱ्यांदा गाडी गेली तेव्हा त्यांनी डोळेच मिटून घेतले.

मग खिशातून फोन काढून त्यांनी डेपोत लावला. "साहेब, उद्याचं ते रद्द करा... नाही नाही, तब्येत ठणठणीत आहे. खिडकीतच बरा आहे मी." आवाज अगदी रोजचा होता. फोन मात्र त्यांनी सोफ्यावर पालथा टाकला.

लेकीने टीव्ही बंद करायला हात पुढे केला.

"राहू दे," उस्ताद म्हणाले. "ती मदत लाव परत."

"बाबा..."

"लाव गं. खेळायलाच बसलोय, माणसं न्यायला नाही."

गाडी निघाली. वळणावर ती आपली आपण वळली, आणि बसमधले उतारू बघावेत तसं उस्तादांनी सवयीने मान वळवून मागे पाहिलं.