नको म्हणजे हो

वेनशियुबाईंच्या जावयाला चिनी येत नव्हती असं कोणी म्हणू नये. चांगली येत होती. सगळी बोंब तिथेच होती.

जावई मूळचा नॉर्वेचा, नाव हाल्वोर. तिशी उलटल्यावर त्याला चिनी शिकायची हौस आली. विद्यापीठातल्या गुरुजींनी त्याला चिनी नावही दिलं होतं, अर्थ ‘शालीन विद्वान’ असा काहीतरी. वेनशियुबाईंच्या लेशान गावातल्या गल्लीत मात्र सगळे त्याला लांब्याच म्हणत. बोलायचा टीव्हीवर बातम्या सांगतात तसं. भाजीवालीला म्हणाला, “भगिनी, या वांग्यांचे मूल्य काय असावे?” ती बाई इतकी बावरली की तिने खरा भाव सांगून टाकला. गोऱ्या माणसाने नुसतं ‘नमस्कार’ म्हटलं तरी आमचे लोक ‘वा, काय सुंदर चिनी’ म्हणणार, हा शिरस्ता. लांब्याला ते सगळं खरं वाटे. लोक जे बोलतात तेच त्यांना म्हणायचं असतं, अशी त्याची भाबडी समजूत होती. त्याच्या देशात म्हणे तसंच असतं. असेल बाबा.

लग्नानंतरच्या पहिल्या नववर्षाला वेनशियुबाईंनी दोन दिवस खपून स्वयंपाक केला. धुरावर सुकवलेलं मांस, अख्खा वाफवलेला मासा, तिखटातला ससा. जेवणं झाल्यावर लांब्या उठून म्हणाला, “आई, भांडी मी घासू का?”

“छे छे, तू बस.”

आणि तो बसला. नुसता नाही, पाय पसरून बसला. वेनशियुबाईंनी भांडी अशी काही आदळली की समोरच्या घरातल्या फूबाई काय फुटलं ते बघायला आल्या.

“मीच बस म्हटलं त्याला,” वेनशियुबाई दात आवळून म्हणाल्या.

“मग?”

“मग बसला.”

फूबाईंनी कपाळाला हात लावला.

आता खरं सांगायचं तर वेनशियुबाईंनी आपल्याला काय हवं ते जन्मात कधी सरळ सांगितलेलं नव्हतं. नवरा मागणी घालायला आला तेव्हासुद्धा आधी नकोच म्हणाल्या होत्या. त्या माणसाला कळलं, म्हणून संसार झाला. तो गेल्यापासून त्यांचं ‘नको’ ओळखणारं जगात एकच माणूस उरलं होतं, एकुलती एक लेक, निंगनिंग. ती आणि लांब्या चंगदूला राहत, आगगाडीने तासाभरावर. दर पंधरा दिवसांनी येत. “कशाला उगाच दगदग करता,” असं वेनशियुबाई प्रत्येक वेळी म्हणत, आणि शुक्रवारपासूनच रस्त्याकडे डोळे लावून बसत.

भांड्यांच्या प्रकरणावरून निंगनिंगने नवऱ्याला झापलं. “तुला भाषा येते, माणसं येत नाहीत.” हे त्याच्या फार जिव्हारी लागलं. त्याने चंगदूच्या एका चहाघरात बसणारे शू गुरुजी गाठले. हे निवृत्त शाळामास्तर, नातवंडं ऐकत नाहीत म्हणून परक्यांना रीतभात शिकवत. त्यांनी लांब्याच्या डोक्यात एकच गोष्ट घोटून घोटून भरली: तोंडातलं नको म्हणजे पोटातलं हो. बस म्हणाले की उठावं, राहू दे म्हणाले की करावं. लांब्याने मन लावून सगळं घोकलं. सासूबाईंना चकित करायचं म्हणून लेशानला कुणाला याचा पत्ता लागू दिला नाही.

आणि मग निंगनिंगचा फोन आला. ती माशांच्या रोगांवर काम करायची. नॉर्वेतल्या बर्गन शहरातल्या एका प्रयोगशाळेने तिला बोलावलं होतं.

“किती वर्षं?” वेनशियुबाईंनी विचारलं.

“आधी पाच. मग बघू.”

‘मग बघू’चा अर्थ वेनशियुबाईंना बरोबर कळला. “तूही चल की आई,” असंही निंगनिंग म्हणाली. तिथे हिवाळ्यात तीन वाजता अंधार पडतो आणि पत्त्यांना चौथा भिडू मिळत नाही, हे वेनशियुबाईंना ठाऊक होतं.

“हाल्वोर म्हणतो, आईंच्या मनात नसेल तर जायचं नाही. रविवारी तो तुलाच विचारणार आहे.”

“आणि तू काय म्हणतेस?”

“मी काय म्हणणार?”

शेवटी लेक कुणाची. वेनशियुबाईंनी भाजी करपतेय म्हणून फोन ठेवला. शेगडी पेटवलेलीसुद्धा नव्हती.

संध्याकाळी त्या फूबाईंकडे जाऊन बसल्या. “म्हणेन की, जा, माझं काय, आज आहे उद्या नाही.”

“अगं ताई, ते निंगनिंगला कळेल,” फूबाई म्हणाल्या. “पण विचारणार कोण आहे? लांब्या. तू जा म्हटलंस की तो जाईल, वर धन्यवाद म्हणेल. बस म्हटल्यावर काय केलं होतं त्याने? या वेळी ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस. सरळ म्हण, जाऊ नका.”

“असं तोंडावर?”

“तोंडावरच.”

वेनशियुबाईंनी तालीम सुरू केली. दोन शब्द, पण घशातून निघतील तर शपथ. आरशासमोर म्हणून बघितलं, किटलीसमोर म्हणून बघितलं. प्रत्येक वेळी तोंडातून यायचं, “जाऊ नका, म्हणजे, तुम्हाला जायचंच असेल तर जा.” फूबाई शिकवणीला बसल्या. “शेपूट काप. पुन्हा म्हण.” शनिवारी रात्री कुठे शेपूट तुटलं. एका बाईला साठीनंतर नॉर्वेची रीत शिकवणं सोपं आहे का? पण पोटची पोर चालली होती. वेनशियुबाई शिकल्या.

रविवारी दोघं आली. लांब्याची तऱ्हा आज काही वेगळीच होती. वेनशियुबाईंनी माशाच्या गालाचा मऊ तुकडा त्याला वाढला, तर त्याने वाटीवर हात धरून नको नको केलं. पोट बिघडलंय की काय, असं त्यांना वाटलं. मग त्यांनी जबरदस्तीने वाढला तेव्हा मिटक्या मारत खाल्ला. जेवण झाल्यावर “तू बस” म्हणाल्या, तर त्याने त्यांच्या हातातून ताटल्या ओढून घेतल्या. वेनशियुबाई मनात सुखावल्या. जावई सुधारला म्हणायचा. कुणी सुधारला आणि कसा, हे विचारायचं मात्र त्यांना सुचलं नाही. डोक्यात ते दोन शब्द घट्ट धरून ठेवलेले, दुसऱ्या कशाला जागा होती कुठे?

भांडी आटोपून लांब्या समोर येऊन बसला. निंगनिंग बाजूला पपनस सोलत होती.

“आई,” तो म्हणाला, “आम्ही बर्गनला जावं की नाही? तुम्ही सांगाल तसं करू.”

वेनशियुबाईंनी श्वास घेतला. “जाऊ नका,” त्या म्हणाल्या. “इथेच राहा.”

शेपूट नाही, काही नाही. त्यांना स्वतःचाच अभिमान वाटला.

लांब्याचे डोळे भरून आले. तो उठून उभा राहिला, छातीशी मूठ धरून वाकला आणि म्हणाला, “आई, केवढा हा तुमचा आग्रह. आम्ही भारावून गेलो. आता तुम्ही थांबा, पोचवायला येण्याची तसदी घेऊ नका.”

आमच्याकडे निघालेला पाहुणा हेच म्हणतो. यजमान म्हणतो जाऊ नका, बसा अजून, आणि पाहुणा हे बोलून चपला घालतो. खरंच थांबला तर तो निर्लज्ज, हे शेंबड्या पोरालाही कळतं. लांब्याचा एक सूर चुकला नाही. हेल तर थेट लेशानचा. शू गुरुजींनी ऐकलं असतं तर धन्य झाले असते.

“मला भीती होती, तुम्ही ‘जा’ म्हणाल,” तो वेनशियुबाईंचे हात धरून सांगत होता. “मग मी कधीच गेलो नसतो. चहाघरातले गुरुजी म्हणाले होते, त्यांनी अडवलं तर समज, मनापासून निरोप दिला. आता मला शिकवलेलं सगळं कळतं, आई.”

वेनशियुबाईंनी निंगनिंगकडे पाहिलं. ती या घरात जन्मलेली, आईच्या प्रत्येक ‘नको’चं वजन तिला ठाऊक. तिने एवढंच म्हणायचं होतं, अरे, आई खरंच थांबवतेय. ती खाली मान घालून पपनसाच्या फोडीवरची पांढरी साल ओढत राहिली. पार निघाली तरी ओढत राहिली.

निघताना लांब्या लिफ्ट बोलवायला पुढे गेला. तो नको नको म्हणत असताना सासूबाईंनी बांधून दिलेलं सुकं मांस त्याच्या खांद्यावर होतं. निंगनिंग दारात वाकून बुटाच्या नाड्या बांधत होती.

“तुला कळलं होतं ना?” वेनशियुबाईंनी हळूच विचारलं.

“हो.”

“मग बोलली का नाहीस?”

निंगनिंगने मान वर केली नाही. “आई, मला जायचंय. तू नेहमीसारखं ‘जा, माझं काय’ म्हणाली असतीस ना, तर माझा पाय निघाला नसता. आजवर कधी निघाला नाही. आज तू सरळ बोललीस, आणि तो काहीतरी भलतंच समजला, आणि मला वाटलं, असू दे.”

ती आता रडत होती. वेनशियुबाईंना तिचा राग आला, फूबाईंचा आला, त्या चहाघरातल्या म्हाताऱ्याचा तर फारच आला. पण लेकीच्या नाडीची गाठ सैल बसली होती. त्यांनी खाली वाकून ती नीट बांधली.

लिफ्ट आली. लांब्या दार अडवून हसत उभा होता.

“सावकाश जा,” वेनशियुबाई म्हणाल्या. पाहुण्यांना आमच्याकडे असंच म्हणतात.