सासूची धिरडी

पहिलं धिरडं बिघडतंच. माझं बिघडतं, शेजारच्या क्लावदियाचं बिघडतं, आमच्या पाद्रीबाबांच्या बायकोचंसुद्धा बिघडतं, आणि ती बाई तर तवा ठेवायच्या आधी क्रूस काढते. तवा नीट तापलेला नसतो, लोणी सगळीकडं लागलेलं नसतं, पीठ किती घालायचं याचा हात बसलेला नसतो. मग होतो गोळा. तो खरवडायचा, कुत्र्याला टाकायचा आणि हसत दुसरं घालायचं. आमच्याकडं कुणाचं पहिलं लग्न मोडलं तरी म्हातारी माणसं म्हणतात, चालायचंच, पहिलं धिरडं होतं ते.

ईस्टरपूर्वीचा मोठा उपास लागायच्या आधी आमचा लोण्याचा आठवडा असतो. मांस बंद, पण दूध, लोणी, अंडी यांवर आडवा हात मारायचा, आणि घरोघरी ब्लिनी, म्हणजे आंबवलेल्या पिठाची धिरडी. त्यातला बुधवार सासूचा. लेक-जावयाला बोलवायचं आणि जावई पुरे पुरे म्हणेपर्यंत वाढायचं. माझी पोलीना लग्न होऊन जंगलापलीकडच्या लाकूडवखारीच्या वस्तीवर गेली, त्याला हा दुसरा हिवाळा. मागच्या वर्षी बोलावलं तर निरोप आला, रस्ता बर्फानं बंद आहे. त्याच रस्त्यानं रोज दुधाची गाडी येत होती. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण जावई वखारीचा साहेब. म्हटलं, असेल काम.

आणि जावई तरी कसा? दारूला शिवत नाही! आमच्या गावात एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. क्लावदियाचा नवरा जिवंत होता तोवर रोज रात्री कुंपणासकट आडवा व्हायचा, म्हणून ती मला येता-जाता ऐकवायची, "रइसा, नशीब काढलंस बाई! तुझा जावई म्हणजे देवाच्या कोपऱ्यात ठेवून पुढं दिवा लावायचा."

आदल्या संध्याकाळीच मी कोमट दुधात यीस्ट आणि चिमूटभर साखर घातली, गव्हाचं आणि बकव्हीटचं पीठ कालवलं आणि मडकं गोधडीत गुंडाळून भट्टीच्या कठड्यावर ठेवलं. सकाळी बघते तर पीठ फुगून गोधडीला भिडलेलं. त्यात फेटलेली अंडी घातली, मीठ घातलं, आणि शेवटी एका हातानं उकळतं दूध ओतत दुसऱ्या हातानं घोटत राहिले. उकळत्या दुधानं धिरड्याला जाळी सुरेख पडते. पीठ असं उतरलं की मी माझीच पाठ थोपटली.

गाडी फाटकाशी थांबली. अर्सेनी, माझा जावई, उतरला, वळसा घालून आला, पोलीनाच्या बाजूचं दार उघडलं आणि तिला हात देऊन उतरवलं. क्लावदिया कुंपणावर लटकलेली होतीच.

"बघा, बघा! आमच्या ह्यांनी मला आयुष्यात एकदाच हात देऊन उतरवलं, तेही घोडागाडी उलटली म्हणून!"

माझी पोर असल्या बोलण्यावर उचकी लागेस्तोवर हसायची. ती हसली नाही. मी तिला कवेत घेतलं तर हाताला नुसता कोटच लागला.

"काय गं, खातबित नाहीस का काही?"

"खाते गं आई."

"खाते तर," अर्सेनी म्हणाला. "ती काय खाते ते मी स्वतः बघतो ना." आणि तो हसला. मीही हसले, मूर्ख बाई.

घरात पाय टाकतो न टाकतो तोच तो म्हणाला, "आई, छपरावर बर्फ केवढा साठलाय तुमच्या. तुम्ही दोघी चुलीचं बघा, मी फावडं मारून घेतो." कोट नीट घडी घालून बाकावर ठेवला, जुनं जाकीट चढवलं आणि गेला बाहेर. आता अशा जावयाला कुणी काय म्हणावं?

मी तवा ठेवला. बिडाचा, माझ्या सासूचा, त्याला पाणी कधी लागलेलं नाही. अर्धा कांदा काट्याला टोचून लोण्यात बुडवला आणि पोलीनाच्या हातात पळी दिली.

"घाल तू. मी उलटते."

"नको आई. तूच घाल."

"हे काय नवीन? लहानपणी पळी हातातून सुटायची नाही तुझ्या! घाल म्हणते ना."

तिनं हात धुतले, पुसले, परत धुतले. तव्यावर पाण्याचा थेंब टाकला, तो नाचतो का बघितलं, दुसरा टाकला. मग मला विचारलं, "आई, तुझा तवा कडेला तेज आहे की मधे?" मी म्हटलं, "अगं धिरडं घालतेस की शस्त्रक्रिया करतेस?" ती ओठ घट्ट मिटून तव्याकडं बघत राहिली. शेवटी घातलं. मी क्लावदियाच्या गाईचं काहीतरी सांगत होते, अर्धं लक्ष तिकडं.

चिकटलं. चिकटणारच! मी म्हणणार होते, टाक कुत्र्याला, इतक्यात बाहेर पायरीवर बूट आपटल्याचा आवाज आला. अर्सेनी तळव्यांचा बर्फ झटकत होता.

पोलीनानं तो गोळा नखांनी तव्यावरून खरवडला आणि वाफाळता तसाच तोंडात कोंबला. चावलासुद्धा नाही. गिळला. मानेच्या शिरा दोरीसारख्या वर आल्या. उरलेलं खरकटं तिनं एप्रनच्या टोकानं पुसला, तापल्या तव्यावर बोट चर्र झालं तरी हात मागं घेतला नाही. दार उघडायच्या आत तवा स्वच्छ आणि ती ताठ उभी. हे सगळं इतक्या सफाईनं झालं की मला कळलं, आजचं हे पहिलं नाही.

अर्सेनी दारात थांबला. नाक वर करून त्यानं वास घेतला.

"काही करपलं का?"

"माझं करपलं," मी म्हणाले. का म्हणाले कोण जाणे, जीभच पुढं धावली.

"तुमचं?" तो माझ्याकडं बघून हसला आणि तिच्याकडं वळला. "पोल्या, आईंनी घातलं होतं का?"

तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. तोंड मिटलेलंच. तिनं मान हलवली, हो.

"धूर फार झालाय इथं," तो म्हणाला. खिशातून इस्त्रीचा रुमाल काढून त्यानं तिचे डोळे हळूच टिपले, बाकावरचे हातमोजे उचलले आणि परत छपराकडं गेला.

मी दार लोटलं आणि तिची हनुवटी धरली. "आ कर."

"आई, काही नाही गं."

"आ कर म्हणते!"

जिभेवर ताजा फोड टरारून आला होता. आणि वर टाळूला, गालांच्या आतून, बरे झालेले पांढरे चट्टे. जुने. एकावर एक.

"मारतो तुला?"

"नाही गं." तिला शब्द नीट फुटत नव्हते. "कधी हात उगारला नाही. आवाजसुद्धा चढवत नाही."

"मग हे काय आहे?"

"जे बिघडवलंस ते तूच खा, म्हणतो. अन्न टाकायचं नाही. गार होऊ द्यायचं नाही. समोर खुर्ची घेऊन बसतो. घाई करत नाही, आई. वाट बघतो."

"पण आत्ता तर तो बाहेर होता!"

"बाहेर असला तरी येतो ना."

काय सांगू, मला वाटलं फावडं हिसकावून घ्यावं आणि त्याच्या त्या विंचरलेल्या डोक्यात घालावं. मी म्हटलं, "तू आता तिकडं जायचं नाहीस. संपलं."

"असं नको बोलू गं. लोकांना काय सांगशील? पीत नाही, मारत नाही. क्लावदियामावशी म्हणेल, अन्न टाकू नको म्हणतो, त्यात वाईट ते काय?" तिनं गार पाण्याचा घोट तोंडात धरला आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

खरंच म्हणाली असती क्लावदिया तसं. पोरीची पाठ होती तेवढ्यात मी तिचे नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे बूट दाराजवळून उचलले आणि पिठाच्या पेटीत टाकून झाकण लावलं. बिनबुटांची बर्फात कुठं जाईल, असा माझा हिशेब.

बाकीची धिरडी मी एकटीनं काढली. सगळी सुरेख झाली, मेली! अर्सेनी हात धुऊन टेबलाशी बसला. क्लावदिया रानबोरांच्या मुरंब्याची बरणी घेऊन टपकली, न बोलावता, नेहमीसारखी. तो धिरड्याची व्यवस्थित चौघडी करायचा, टोकाला आंबट साय लावायचा आणि ताटात थेंब न सांडता खायचा. पोलीनानं एका धिरड्याचे तुकडे केले आणि ते नुसती इकडून तिकडं सरकवत बसली.

"काय जावईबापू, कशी आहेत सासूची धिरडी?" क्लावदियानं विचारलं.

"उत्तम. पोलीनाला अजून अशी जमत नाहीत," तो म्हणाला. "पण शिकतेय. हो ना गं?"

"हो," पोलीना म्हणाली.

मग माझ्याच्यानं राहवेना. मी उठले, तव्यावर भसकन पीठ ओतलं, अर्धं कच्चं असतानाच उलथन्यानं फाडलं, गोळा केला आणि धूर निघत असतानाच बशीत टाकून त्याच्यापुढं आदळला.

"घ्या जावईबापू. बिघडलंय. आपल्यात अन्न टाकत नाहीत. गरम आहे तोवर खा."

"अगंबाई रइसा!" क्लावदिया फिसकन हसली. "जावयाला गोळा वाढतेस? चळलीस का?"

अर्सेनीनं बशीकडं बघितलं नाही. माझ्याकडंही नाही. त्यानं पोलीनाकडं बघितलं, शांतपणे, बराच वेळ, आणि पोरीचा चेहरा पांढराफटक पडला. ते बघितलं आणि माझ्या लक्षात आलं मी काय करून बसले. तिनं मला सांगितलं, हे मी त्याला सांगून टाकलं होतं. माझ्या तोंडाला आग लागो!

त्यानं ओठ पुसले. रुमालाची घडी घातली. "छान झालं सगळं, आई. निघतो आम्ही, अंधारात तो रस्ता नको." कोट चढवून, क्लावदियाला मान लववून तो बाहेर गेला. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. मग नुसतीच घरघर.

"हाक तरी मारायची बायकोला," क्लावदिया म्हणाली.

"तो हाक मारत नाही," पोलीना उठली. "मीच जाते." दाराजवळ जाऊन ती वाकली, इकडं तिकडं बघितलं. "आई, माझे बूट?"

"नाहीत."

"आई, दे ना गं. तू जितका उशीर करशील तितकं मला..."

"देणार नाही. बस खाली."

ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं नुसतं माझ्याकडं बघितलं, कोट खांद्यावर टाकला आणि लोकरीच्या मोज्यांवर दाराबाहेर पडली. अंगणात दुपारी वितळलेल्या बर्फाचा चिखल झालेला, त्यात फचफच पाय टाकत सरळ गाडीकडं गेली आणि पुढच्या सीटवर बसली. एकदा मागं वळली नाही.

मी पेटीतून बूट काढले, हाताला लागला तो कोट घेतला आणि धावले. डोक्याला रुमाल नाही, चुलीवर तवा तसाच. क्लावदिया बरणी कवटाळून माझ्या मागं. "अगं झालं काय? रुसवाफुगवा झाला का? नवरा-बायकोत आपण पडू नये रइसा!"

मी गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत बसले.

अर्सेनी वळला. "आई?"

"शुक्रवारी जावयानं सासूला आपल्या घरी जेवायला न्यायचं असतं," मी मोठ्यानं म्हणाले, क्लावदियाला ऐकू जाईल असं. "मागच्या वर्षी राहिलं. यंदा मी बुधवारपासूनच येते. राहीन चांगली, तुम्हाला कंटाळा येईपर्यंत."

"खरंच की गं!" क्लावदिया खिडकीत डोकावली. "ने रे बाबा, ने. एकटी कुढत असते बिचारी. असा जावई लाखांत मिळायचा नाही!"

तो क्लावदियाकडं बघत राहिला. मग त्याचं हसू परत आलं. "या ना आई. घर तुमचंच आहे."

तेवढ्यात पुढचं दार उघडलं. पोलीना खाली उतरली. भिजल्या मोज्यांनी बर्फात उभी राहिली, दाराला धरून, आणि मला वाटलं आता ही मला म्हणणार, आई, उतर, तू येऊ नकोस. पण ती मागं आली आणि माझ्या शेजारी बसली.

"पोलीना," तो हळू आवाजात म्हणाला, "पुढं बस."

ती हलली नाही. तिचे दात एकमेकांवर आपटत होते, मला ऐकू येत होते. क्लावदिया खिडकीतून बघत होती. त्यानं बटण दाबलं, चारही दारांना कुलपं लागली, आणि गाडी निघाली.

गावातलं शेवटचं घर मागं पडलं. मी पोरीचे मोजे काढले, तिचे पाय मांडीवर घेऊन चोळत बसले. निळे पडले होते.

"आई," तो म्हणाला, अगदी मायेनं, "आलाच आहात तर उद्या आमच्याकडं धिरडी तुम्हीच करा. आमची चूल जरा तेज आहे, सांगून ठेवतो."

"करते की," मी म्हणाले. "आणि तू माझ्या समोर बस खुर्ची घेऊन." माझा आवाज कापला. त्याला ते कळलं असणार.

जंगल लागलं, उजेड कमी झाला, तसा त्यानं एक हात वर केला आणि आरसा आमच्याकडं वळवून घेतला.